चूक झाली, की चूक केली?

एका लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात अकरा वर्षं स्वीय सहायक म्हणून काम करणाऱ्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

"साहेबांचे दौरे, तिकिटं, गाड्या, मुक्काम आणि या सगळ्याची बिलं माझ्या हातून जातात. मागच्या वर्षी एका नातेवाइकाच्या लग्नाला जाण्यासाठी साहेबांनी केलेला प्रवास सरकारी दौरा म्हणून दाखवला गेला. पंधरा दिवसांपूर्वी ते बातम्यांत आलं. साहेबांनी लगेच पैसे भरून टाकले, पण लोकांचा राग कमी होईना. आता जाहीर माफी मागायचं ठरलं आहे आणि निवेदन मी लिहायचं आहे. 'माझ्या कार्यालयाकडून अनवधानानं चूक झाली, त्याबद्दल कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे,' असं काहीतरी लिही, असं ते म्हणाले. पण प्रवासाचं कारण म्हणून 'पाहणी दौरा' लिहायला त्यांनीच सांगितलं होतं. लिहिणारा हात माझा होता. असे आणखी दोन प्रवास मला माहीत आहेत, जे अजून बाहेर आलेले नाहीत. रक्कम खरं तर फार मोठी नाही. साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. माझी आई आजारी होती तेव्हा मध्यरात्री त्यांनी स्वतः फोन करून सगळी व्यवस्था लावली होती. लोकांची कामंही ते मनापासून करतात. लोकांचा राग शांत होईल, साहेबांचं नुकसान होणार नाही आणि मलाही झोप लागेल, असं निवेदन कसं लिहू?"

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटच्या वाक्यात तुम्ही एका कागदाकडून तीन कामांची अपेक्षा करता आहात. लोकांचा राग आणि साहेबांचं नुकसान यांवर तुमची हुकमत नाही. तुमची झोप मात्र बरीचशी तुमच्या हातात आहे, म्हणून मी उत्तराची सुरुवात त्या बाजूनं करणार आहे.

आधी साहेबांनी सुचवलेलं वाक्य पाहू. 'माझ्या कार्यालयाकडून अनवधानानं चूक झाली.' शाळेत शिकवतात तसा या वाक्यातला कर्ता शोधा. झाली कोण? चूक. म्हणजे वाक्याची कर्ती चूकच आहे. पाऊस पडतो, दिवस मावळतो, तशी ती आपली आपण झाली. 'मी चूक केली' म्हटलं की माणूस समोर येतो. आपल्या भाषेनं दोन्ही सोयी दिल्या आहेत आणि धक्का लागून हातातला कप फुटला तर 'चूक झाली' हे अगदी प्रामाणिक वाक्य आहे. पण इथे कप फुटलेला नाही. कोणीतरी तारीख ठरवली, तिकीट काढायला सांगितलं, कारण काय लिहायचं ते सांगितलं, बिलावर सही केली आणि पैसे घेतले. एवढ्या पायऱ्या अनवधानानं चढता येत नाहीत.

'कार्यालयाकडून' हा शब्द तर त्याहून जड आहे. तुम्ही पत्रात त्याबद्दल काही म्हटलेलं नाही, पण मला वाटतं तुमची झोप त्यानंच उडाली आहे. त्या कार्यालयात दौऱ्यांची बिलं करणारं माणूस एकच आहे, ते म्हणजे तुम्ही. साहेब तुमच्याच हातानं तुमच्यावर बोट दाखवून घेत आहेत. त्यांच्या मनात तसं नसेलही. संकटात सापडलेला माणूस आडोसा शोधतो आणि जवळचं माणूस हा सगळ्यात हाताशी असलेला आडोसा असतो. पण उद्या चौकशी झाली तर हे वाक्य कागदावर असेल आणि ते तुम्हीच लिहिलेलं असेल.

आता 'पैसे भरून टाकले, तरी राग कमी होईना' याबद्दल. तुमच्या या वाक्यामागे एक समजूत आहे, ती जरा तपासू या. पैसे परत केले की हिशेब मिटला, उरलं ते लोकांच्या भावनांचं, अशी ती समजूत आहे. खर्चाच्या फॉर्मवर रकमेचा रकाना असतो तसा प्रवासाच्या कारणाचाही असतो. पैसे भरल्यानं रकमेचा रकाना दुरुस्त झाला. कारणाच्या रकान्यात अजून 'पाहणी दौरा' आहे. लोक त्या रकान्यासाठी थांबले आहेत, आणि तो माफीच्या शब्दांनीच दुरुस्त होऊ शकतो.

रक्कम मोठी नाही, हेही तुम्ही स्वतःला समजावता आहात. स्वीडनमध्ये १९९५ साली मोना सालीन पंतप्रधानपदाच्या उंबरठ्यावर होत्या. सरकारी कामासाठी मिळालेल्या कार्डावर त्यांनी खासगी खरेदी केली होती, त्यात टोब्लेरोन चॉकलेटही होतं. पैसे त्यांनी परतही केले होते. तरी त्यांना शर्यतीतून बाहेर पडावं लागलं आणि ते प्रकरण आजही त्या चॉकलेटच्या नावानं ओळखलं जातं. रकमेचा आकडा पाहून लोकांना लूट झाली असं वाटत नाही. त्यांना प्रश्न पडतो की स्वतःचं आणि सगळ्यांचं यांतली रेघ या माणसाला दिसते की नाही. लहान रकमेत तो प्रश्न जास्त उघडा पडतो, कारण एवढे पैसे त्याच्या खिशात होतेच.

तुम्ही ज्या प्रकरणात आहात त्याच्याशी फार जुळणारी घटना ऑस्ट्रेलियात घडली. तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्ष ब्रॉनविन बिशप यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये मेलबर्नहून जिलाँगजवळच्या एका पक्षनिधी कार्यक्रमाला हेलिकॉप्टरनं प्रवास केला आणि ५,२२७ डॉलरचं बिल सरकारी खर्चात लावलं. रस्त्यानं ते अंतर साधारण तासाभराचं आहे. जुलै २०१५ मध्ये बातमी फुटली. त्यांनी दंडासह पैसे परत केले, निर्णय चुकला असंही म्हटलं, पण माफी मागायला सुरुवातीला नकार दिला. मग लोकांनी आणि पत्रकारांनी जुनी बिलं उघडली. त्यांत सहकाऱ्याच्या लग्नाला जाण्यासाठी लावलेला प्रवासखर्च निघाला. जुलैच्या अखेरीस त्यांनी रेडिओवर माफी मागितली, लग्नांच्या प्रवासाचे पैसेही परत करीन म्हणाल्या, आणि २ ऑगस्टला त्यांना राजीनामा द्यावा लागला. पहिल्याच दिवशी सगळं एकदम सांगितलं असतं तर पद वाचलं असतं का, हे मी सांगू शकत नाही. पण प्रत्येक नव्या बिलागणिक मागचं स्पष्टीकरण खोटं वाटत गेलं, हे मात्र दिसतं.

तुमच्या टेबलाच्या खणात अशी दोन बिलं आहेत. म्हणून 'साहेबांचं नुकसान होऊ नये' हे वाक्य मी तुमच्याकडे परत पाठवते आहे. कोणत्या नुकसानीबद्दल बोलता आहात तुम्ही? आज तिन्ही प्रवास एकत्र सांगितल्यानं होणारं, की आज एका प्रवासाची माफी मागून महिन्याभरानं दुसरा उघड झाल्यावर होणारं? दुसऱ्या वेळी माफी मागायला तोंड राहत नाही. आणि तेव्हा आजची माफीच सगळ्यात मोठा पुरावा ठरेल: यांना माहीत होतं, तरी एकाचंच बोलले.

अपुरी माफी किती महागात पडते याची आणखी दोन उदाहरणं सांगते, कारण मसुदा लिहिताना ती तुम्हाला उपयोगी पडतील. ब्रिटनच्या मंत्री मारिया मिलर यांना एप्रिल २०१४ मध्ये खर्चाच्या प्रकरणात ५,८०० पौंड परत करून सभागृहाची माफी मागायला सांगण्यात आलं. त्या ३२ सेकंद बोलल्या. लोकांनी सेकंद मोजले, याचा अर्थ त्यांना त्या बोलण्यात मोजण्यासारखं दुसरं काही सापडलं नाही. आठवड्याच्या आत मंत्रिपद गेलं. अमेरिकेचे आरोग्यमंत्री टॉम प्राइस यांनी सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारी खर्चानं केलेल्या खासगी विमानप्रवासाबद्दल खेद व्यक्त केला आणि भरपाई देऊ केली ती फक्त स्वतःच्या आसनापुरती, सुमारे ५२ हजार डॉलर. विमान त्यांच्यासाठीच भाड्यानं घेतलेलं होतं आणि एकूण खर्च त्याच्या कितीतरी पट होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा आला. मिलर यांच्या माफीत शब्द कमी पडले, प्राइस यांच्या भरपाईत विमान सुटलं.

आता उपकारांकडे येते. पत्रातला हा भाग मला सगळ्यात अवघड वाटला आणि तो मी हलक्यानं घेणार नाही. आजारी आईजवळ बसलेलं असताना ज्यानं मध्यरात्री फोन केला, त्याच्याबद्दल तुमच्या मनात जे आहे ते खरं आहे आणि ते तसंच राहू द्या. खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपण म्हणतो. पण तुमच्या घरात येणारं मीठ कुठून येतं? तुमचा पगार ज्या तिजोरीतून होतो, त्याच तिजोरीतून लग्नाच्या त्या प्रवासाचे पैसे गेले. ज्यांनी ते कर भरले त्यांच्यापैकी कोणाला तुम्ही ओळखत नाही, त्यांच्यातल्या कोणी तुम्हाला रात्री फोन केलेला नाही, म्हणून त्यांचं मीठ जाणवत नाही इतकंच.

आणि साहेबांच्या चांगुलपणाची परतफेड खोट्या वाक्यानंच करायची, असं का गृहीत धरता? त्यांच्याभोवती आज जी माणसं आहेत त्यांतली बहुतेक त्यांना 'होईल शांत दोन दिवसांत' असं सांगत असतील. कोणत्या प्रवासाचं कारण खरं होतं हे ज्यांना नीट माहीत आहे, अशा फार थोड्यांत तुम्ही आहात. हे त्यांना समोर बसून सांगणं तुम्हालाच शक्य आहे, आणि अकरा वर्षांच्या नात्याला ते शोभेल.

बोलायला जाल तेव्हा एकांतात जा, आणि शक्यतो सकाळी; दिवसभराच्या फोनांनी माणूस कावलेला असतो. सोबत एक कागद न्या. त्यावर तिन्ही प्रवासांच्या तारखा, लिहिलेली कारणं, खरी कारणं आणि रकमा असू द्या. कागद महत्त्वाचा आहे, कारण नुसत्या बोलण्यात 'आणखी काही किरकोळ' अशा शब्दांत ते दोन प्रवास विरून जातील. मग सांगा, "साहेब, अनवधानानं झालं हे वाक्य माझ्याच्यानं लिहवत नाही. कारण मीच लिहिलं होतं, तुम्ही सांगितलं म्हणून. तिन्ही प्रवास एकदम सांगणार असाल तर आज रात्री बसून मसुदा करते." पुढे थांबा. त्यांना राग येईल, कदाचित आईच्या आजारपणाची आठवणही करून देतील. त्यावर वाद घालू नका. "ते मी कधीच विसरणार नाही" एवढं म्हणा आणि कागद टेबलावर राहू द्या.

मात्र या भेटीच्या आधी एक काम करा: स्वतःसाठी वकिलाचा सल्ला घ्या. साहेबांचे वकील तुमचे वकील नव्हेत. ते भले असले तरी त्यांचं काम साहेबांना वाचवणं हे आहे. सरकारी पैशासाठी खोटं कारण लिहिणं हा कायद्याच्या भाषेत नुसता गैरसमज ठरत नाही. ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाचं मोठं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा बहुतेकांवर पैसे परत करण्यापुरती वेळ आली. पण ज्यांनी खोटी बिलं जोडली त्यांच्यावर खटले चालले आणि डेव्हिड चेटर या माजी खासदारांना २०११ मध्ये १८ महिन्यांची कैद झाली. ते नियम तुमच्याकडे जसेच्या तसे लागू होतील असं नाही. पण तुम्ही सांगितल्यावरून लिहिलंत, तुमचा यात काही फायदा नव्हता, तुम्ही स्वतःहून पुढे येता आहात, या गोष्टी कुठे, कधी आणि कोणाकडे नोंदवायच्या हे जाणकारालाच विचारायला हवं. तोपर्यंत कोणतीही फाइल, मेसेज किंवा बिल खोडू नका, बदलू नका, कोणी सांगितलं तरी. मूळ चुकीपेक्षा ती लपवण्याची धडपड माणसाला जास्त खोल नेते.

साहेब तयार झाले, तर मसुदा लिहिणं अवघड नाही. मी असा लिहीन: 'अमुक तारखेचा प्रवास मी नातेवाइकाच्या लग्नासाठी केला. तो पाहणी दौरा आहे असं लिहायला मी सांगितलं. ते खरं नव्हतं. कर्मचाऱ्यांनी माझ्या सांगण्यावरून ते लिहिलं. आणखी दोन प्रवासांच्या बाबतीत मी हेच केलं. त्यांच्या तारखा आणि रकमा सोबत देत आहे आणि ते पैसेही भरले आहेत. मी पदावर आल्यापासूनचे माझे सगळे प्रवासखर्च तपासावेत, अशी लेखी विनंती लेखापरीक्षकांना केली आहे. जे निघेल ते जाहीर करीन. मी तुमची माफी मागतो.' एवढंच. 'भावना दुखावल्या असतील तर' हे काढून टाका. त्यातल्या 'तर'मुळे सगळी शंका ऐकणाऱ्यावर ढकलली जाते, जणू दुखावणं हा त्याचा दोष. आपण किती कामं केली, किती वर्षं सेवा केली, हेही त्या दिवशी नको. आणि 'सगळेच करतात' हे तर कधीच नको, ते खरं असलं तरी.

पुढच्या प्रवासांसाठी एक साधी कसोटीही कार्यालयात लावून घ्या. लोकप्रतिनिधीच्या आयुष्यात खासगी आणि सार्वजनिक यांची सरमिसळ होतेच. लग्नाला गेलेल्या गावी दोन बैठकाही होतात. तेव्हा विचारायचं, की हे लग्न नसतं तर आपण या तारखेला इथे आलो असतो का? उत्तर नाही असेल तर तिकीट स्वतःच्या खिशातून. ऑस्ट्रेलियानं २०१७ मध्ये कायदा करून जवळपास हेच लिहून ठेवलं: प्रवासाचा मुख्य हेतू संसदीय काम हाच असला पाहिजे, आणि त्याची जबाबदारी सदस्याची स्वतःची. 'कार्यालयानं केलं' म्हणायची वाटच त्यामुळे अरुंद झाली. फॉर्म तुम्ही भरत असाल तर हा प्रश्न भरण्याआधी विचारणं, आणि उत्तर मेसेजमध्ये का होईना लेखी घेणं, ही सवय अशा कोणत्याही कार्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकानं लावून घ्यावी. संकोच वाटेल, पण तो त्या क्षणापुरता असतो.

साहेब तयार झाले नाहीत तर? तर निवेदन दुसऱ्या कोणाला लिहू द्या. मी लिहिणार नाही, आणि का लिहिणार नाही, हे दोन ओळींत लेखी कळवा. त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. बदली मागता येत असेल तर मागा. खर्च तपासणाऱ्या यंत्रणेकडे स्वतःहून जायचं की नाही, हा निर्णय वकिलाशी बोलून घ्या. तक्रार करणाऱ्याला मिळणारं संरक्षण सगळीकडे सारखं नसतं आणि तुमच्या घरची घडी तुमच्या पगारावर बसलेली आहे, हे मी विसरलेले नाही. रागाच्या भरात पत्रकाराला फोन करणं एवढं मात्र टाळा. तुमच्याजवळची माहिती खरी आहे. ती योग्य दारातून गेली तर तुम्हीही तिच्याबरोबर सुरक्षित राहाल.

तुमच्या स्वतःच्या वाट्याचंही बोलायला हवं. 'लिहिणारा हात माझा होता' हे तुम्ही कोणी न विचारता लिहिलंत. ज्यांच्यावर नोकरी अवलंबून आहे त्यांनी सांगितलं म्हणून लिहिणं आणि स्वतःच्या फायद्यासाठी लिहिणं यांत फरक आहे, तो फरक तुम्ही स्वतःला द्या. पण त्या हाताला माफही लगेच करून टाकू नका. ज्या दिवशी तुम्ही चौकशीत किंवा साहेबांसमोर 'मी चूक केली' असं कर्त्यासकट म्हणाल, त्या दिवसापासून झोप थोडी बरी लागेल असं मला वाटतं.

अशा माफीच्या पलीकडच्या बाजूला उभे असलेले, म्हणजे ज्यांनी मत दिलं आणि आता टीव्हीसमोर बसून ही निवेदनं ऐकतात, त्यांचीही पत्रं मला येतात. माफ करावं का, असं ते विचारतात. त्यांना एवढंच सांगते, की माफ करणं आणि पुन्हा मत देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनातून राग काढून टाकूनही मत दुसऱ्याला देता येतं. आणि माफी ऐकताना आवाज किती भरून आला हे बघू नका. काय केलं, कोणी केलं, आणखी कुठे केलं आणि कोण तपासणार, याची उत्तरं आली का ते बघा. मोना सालीन १२ वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच पक्षाच्या अध्यक्ष झाल्या. लोक कायमचं दार लावून घेतात असं नाही, पण ते उघडायला वेळ लागतो आणि तो वेळ त्यांनीच ठरवायचा असतो.

तुम्ही आज संध्याकाळी फक्त तो कागद करा. तीन तारखा, तीन रकमा, आणि प्रत्येक तारखेसमोर त्या प्रवासाचं खरं कारण. वकिलाकडे जाताना तो सोबत न्या. साहेबांशी काय बोलणं झालं ते, जमलं तर, मला कळवा.